अलिबाग एका दिवसात: कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर कोणता शनिवार धरावा?

मुलुंडकर
पुढच्या महिन्यात एका शनिवारी अलिबागला जायचं आहे, मुक्काम नाही. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई, तिचे गुडघे दुखतात. मुख्य आकर्षण समुद्रातला कुलाबा किल्ला, शक्यतो पायी. ओहोटी सकाळची धरायची की दुपारची? आईला किल्ल्यात नेता येईल का? आणि उरलेल्या वेळात काय करावं? किनाऱ्यावरच्या बाइक आणि बलून राइडमध्ये रस नाही.

आक्षीकाठ
आधी वार ठरवून मग ओहोटी शोधू नका. आधी तिथी बघा आणि तिला जुळणारा शनिवार घ्या. अलिबागचा सगळा दिवस पाण्याच्या वेळेवर बेततो. किल्ला, पोहणं, वाळूत फिरणं, सगळंच.

कोकणातला जुना हिशेब अजून चालतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तृतीया असेल तर ३ × ३ ÷ ४ म्हणजे सव्वादोन. भरती सव्वादोनला, त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी साडेआठच्या सुमारास, सकाळी आणि रात्रीही. चतुर्थीला ओहोटी साधारण सव्वानऊला, पंचमीला दहाला. रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. या हिशेबात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, म्हणून शेवटची खात्री भरती-ओहोटीच्या तक्त्यावरच करा. तिथीचा उपयोग कॅलेंडर समोर ठेवून शनिवार निवडायला.

गेटवेहून पहिल्या बोटीने निघालात तरी मांडव्याला उतरून बसने अलिबाग गाठेपर्यंत साडेआठ वाजतात. तेव्हा तृतीयेची ओहोटी मुक्कामी माणसांसाठी. तुमच्यासाठी चतुर्थी किंवा पंचमीचा शनिवार. वद्य चतुर्थी आली तर संकष्टी असेल, किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला गर्दी जास्त असते, हे धरून चला.

उधाणभांग
वरच्या हिशेबात एक गोष्ट जोडायलाच हवी, नाहीतर माणसं फसतात. ओहोटी कधी आहे हे कळलं म्हणजे पाणी किती उतरणार हे कळत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीनंतर भांग येतो, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. त्यातही खरा भांग अष्टमीच्या दिवशी नसतो, नवमी-दशमीला असतो, कारण समुद्र चंद्राच्या मागून एक-दोन दिवस उशिरा येतो. त्या दिवसांत ओहोटी दुपारी एक-दोन वाजता पडते. जेवून निवांत जाऊ, असं वाटण्याजोगी वेळ आहे, पण पाणी पुरतं उतरतच नाही. पर्यटक नेमके इथे चुकतात. तक्त्यात ‘ओहोटी १:१५’ वाचतात, शेजारचा उंचीचा आकडा वाचत नाहीत, आणि किनाऱ्यावर येऊन बघतात तर वाटेत पाणी.

मुंबईच्या तक्त्यातला उंचीचा आकडा बघा. ओहोटीची उंची १ मीटरच्या आत असेल तर वाट मोकळी मिळायची चांगली शक्यता. आकडा २ मीटरच्या जवळ असेल तर पायी जायचा विचार सोडा. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एकीला पाणी जास्त उतरतं. म्हणून तुमच्या वेळेसमोरचाच आकडा घ्या. पंचमीपेक्षा चतुर्थी बरी म्हणतो ती याचसाठी.

परतीचं गणित तर आणखी महत्त्वाचं. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से केले तर ओहोटीनंतर पहिल्या तासात एक हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत तीन-तीन. म्हणजे तासाभराने तटावरून खाली बघितलं तर काहीच बदललेलं दिसत नाही, आणि पुढच्या दोन तासांत वाट बंद होते. वाटेतला खोलगट भाग आधी भरतो, किल्ल्याच्या पायथ्याचा खडक मात्र अजून कोरडाच असतो. त्या कोरड्या खडकावर विसंबू नका. ओहोटी सव्वानऊला असेल तर पावणेनऊला चालायला लागा, साडेदहाला महादरवाज्यातून बाहेर पडा. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा जीवरक्षकाला एकदा विचारून निघा. ते नको म्हणाले तर नको.

तटबंदी
चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाळू संपली की खडक लागतो, त्यावर शेवाळ आणि कालवं चिकटलेली असतात. कालवाच्या कवचाची धार ब्लेडसारखी असते, अनवाणी पाय सरळ कापतो. साधी चप्पल चिखलात रुतून निघते किंवा तिचा अंगठा तुटतो. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. शेवाळ हिरवंगार दिसतं तिथे पाय देऊ नका, शेजारच्या खरबरीत दगडावर द्या. मुलीचा हात धरून चाला, खडकावर पळू देऊ नका.

आईंसाठी घोडागाडी घ्या. ठरवताना तीन गोष्टी आधीच बोला: भाडं जाऊन-येऊन आहे ना, आत किती वेळ थांबणार, आणि गाडी दरवाज्याच्या किती जवळ सोडणार. गाडीची पायरी उंच असते, गुडघे दुखणाऱ्याला चढताना एक जण खाली आणि एक वर लागतो. आत सिद्धिविनायकापर्यंत त्या हळूहळू येतील, तटावर मात्र चढवू नका.

आता आत काय बघायचं. शिवाजी महाराजांनी १६८० साली याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी किल्ला पडला नाही. आत शिरताना बाहेरचा तट जवळून बघा. प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. हात घालून बघण्याइतक्या फटी आहेत, मुलीला नक्की दाखवा.

सिद्धिविनायक मंदिर राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलं. जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूबाजूंनी खारं पाणी असताना किल्ला लढला तो या पाण्यावर. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्या आंग्र्यांच्या नव्हेत. त्यांच्यावर १८४९ हे साल कोरलेलं आहे आणि त्या इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला ओतलेल्या आहेत. आंग्र्यांचं राज्य त्याआधीच खालसा झालं होतं. हे सगळं तासाभरात होतं.

मुलुंडकर
खूप आभार, चतुर्थीचाच शनिवार बघते. दोन शंका. आईला गेटवेच्या बोटीत चढणं जमेल की गाड्या नेणारी रो-रो बोट बरी? आणि दुपारी मुलीला पाण्यात खेळायचं आहे, ते कुठे आणि कधी?

आक्षीकाठ
ताई, रो-रोच घ्या, भाऊचा धक्का ते मांडवा. गाडी सोबत येते, चढ-उतार सोपी, साधारण तासाभराचा प्रवास. शनिवारचं तिकीट आधी काढा, गाड्यांची जागा लवकर भरते. पण तिची सकाळची पहिली फेरी तुमच्या ओहोटीला पुरते का, हे बुकिंग करतानाच पडताळा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात आणि किल्ल्याची वाटही धोक्याची, तेव्हा ते महिने सोडाच.

पाण्यात खेळायला अलिबागचा मुख्य किनारा नको, तिथली वाळू चिखलट आहे. पाच-सहा किलोमीटरवर आक्षी, त्याच्या पुढे नागाव. आक्षीला सुरूची सावली आहे, आईंना बसायला बरं. वेळ पुन्हा पाण्यानेच ठरेल. ओहोटी सव्वानऊला म्हणजे भरती साडेतीनला. बारा ते तीन पाणी किनाऱ्याकडे येत असतं, तेव्हा खेळू द्या, गुडघ्याएवढ्या पाण्यातच. साडेतीननंतर पाणी बाहेर ओढायला लागतं. ऊन उतरल्यावर पाच वाजता पाण्यात जाऊ, असं सगळेच म्हणतात, आणि ती नेमकी ओढीची वेळ. तेव्हा मुलीला कोरड्या वाळूवर ठेवा. गाडी वाळूवर उतरवू नका, चाक रुतलं की भरतीच्या आत निघत नाही.

वेणीचाकांदा
फेब्रुवारी ते मे असेल तर पांढरा कांदा घेतल्याशिवाय परतू नका. रस्त्याकडेला वेण्या टांगलेल्या दिसतील. कांद्याच्याच सुकलेल्या पातीत वेणी घातलेली असते. सुतळीने बांधलेले सुटे पांढरे कांदे असतील तर सोडा. कांदा आकाराने चपटा, मान बारीक, दाबला तर टणक हवा. चवीला गोडसर, डोळ्यांना पाणी जवळजवळ येत नाही. घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर घाम येऊन सडतो. वेणी तशीच वारं लागेल अशा ठिकाणी टांगा आणि खालच्या टोकापासून एकेक कांदा काढत जा.