बॅक्टेरिया वापरून जुन्या सर्किट बोर्डातलं तांबं-सोनं खरंच काढता येतं का?

धातुवेडा:
नमस्कार मंडळी, मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हाच विषय डोक्यात बसलाय. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्केच नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, हे वाचल्यापासून चैन नाही. पण मूळ गोष्टच कळत नाहीये, बॅक्टेरिया धातू खातात म्हणजे नेमकं काय करतात? बोर्डाचे तुकडे कल्चरमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया वाढवलेल्या पाण्यात टाकले की सोनं सुटं होतं का?

अगारप्लेट:
खात नाहीत रे, तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. यातला मुख्य गडी म्हणजे ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स, १९४७ मध्ये खाणीतून झिरपणाऱ्या आम्लाच्या पाण्यात सापडलेला. त्याला साखर-बिखर काही लागत नाही, कार्बन हवेतून घेतो आणि फेरस लोहाचं फेरिक करताना (ही पाण्यात विरघळलेल्या लोहाचीच दोन रूपं, फेरसमधला एक इलेक्ट्रॉन काढला की फेरिक) जी ऊर्जा मिळते तिच्यावर जगतो. तांब्याला विरघळवतं ते हे फेरिक, आणि त्या भानगडीत त्याचं पुन्हा फेरस होतं, मग बॅक्टेरिया ते परत फेरिक करून देतात, असं चक्र चालू राहतं.

हे डोळ्यांना दिसतं! हिराकस (फेरस सल्फेट) घातलेलं फिकट हिरवं पाणी शेकरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, दोन-तीन दिवसांत विटकरी लाल होतं, त्यात बोर्डाची पावडर टाकली की लाली उतरत जाते आणि निळसर हिरवी झाक येते, ते तांबं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा जेवायला जायचं विसरले होते.

पण एक चूक माझ्याकडून झाली ती तू करू नकोस. मी पावडर आणि कल्चर पहिल्याच दिवशी एकत्र केलं. पावडर आम्ल पिऊन टाकते, पीएच दोनच्या आत ठेवायचा तो तीनच्या पुढे गेला, तळाशी जॅरोसाइट या लोहाच्या क्षाराचा पिवळा गाळ बसला आणि कल्चर मेलं, तीन आठवडे गेले. आधी बॅक्टेरिया वाढू दे, पाणी लाल होऊ दे, मग पावडर थोडी थोडी टाक आणि पीएच रोज बघून गंधकाम्लाने खाली आण.

भंगारकेमिस्ट:
ताईंनी तांब्याचं छान सांगितलं, मी सोन्याचं सांगतो. सोनं या फेरिकच्या पाण्यात विरघळत नाही, ते गाळातच राहतं. त्यासाठी वेगळा जीव लागतो, क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम, वसाहती गडद जांभळ्या दिसतात. तो ग्लायसीन या अमिनो आम्लापासून सायनाइड बनवतो आणि सायनाइड सोन्याला धरून पाण्यात आणतं. पण तयार होणारं सायनाइड असतं थोडं आणि ते आधी तांब्यावरच खर्च होतं, म्हणून तांबं अगोदर काढलंच पाहिजे, नाहीतर सोन्याच्या वाट्याला काही उरतच नाही.

आणि मित्रा, हे घरी किंवा साध्या लॅबमध्ये अजिबात करायचं नाही. पीएच कमी असला की सायनाइड वायू होऊन उडतं, शिवाय हा जंतू क्वचित का होईना पण माणसाला जीवघेणा संसर्ग करतो. तू तांब्यावरच थांब, प्रोजेक्टला ते भरपूर आहे.

धातुवेडा:
ताई, दादा, मनापासून आभार. मग कारखाने सर्रास हेच का वापरत नाहीत?

भंगारकेमिस्ट:
वेळ आणि टाक्या. साधारण लिटरला १० ग्रॅम पावडर घेतात, त्यापुढे बॅक्टेरियांना झेपेनासं होतं, म्हणजे एका टनाला १ लाख लिटर पाणी झालं की! भट्टीत बोर्ड वितळवून जे काही तासांत होतं त्याला इथे दिवसच्या दिवस लागतात. तरी मला हा मार्ग आवडतो, कारण भट्टीला प्रचंड उष्णता लागते आणि बोर्डातलं ब्रोमिन असलेलं प्लास्टिक जळताना धूर नीट आवरला नाही तर फार विषारी, इथे तीसेक अंश तापमानात काम होतं. दगडातल्या तांब्यासाठी खाणींमध्ये बॅक्टेरिया कितीतरी वर्षं वापरात आहेतच.

अगारप्लेट:
शेवटी तांबं परत मिळवायला गाळलेल्या पाण्यात लोखंडाचा स्वच्छ खिळा सोड, थोड्या वेळात त्यावर तांबूस थर चढतो. फक्त फेरिक उरलं असेल तर ते खिळाच खाऊन टाकतं, म्हणून पाण्याची लाली पूर्ण गेल्यावरच सोड. बोर्ड दळताना मास्क लाव, त्यात काचेचे धागे आणि सोल्डरचं शिसं असतं. शिसं पुढे सल्फेट होऊन गाळात बसतं, तो गाळ बेसिनमध्ये ओतू नकोस, वेगळ्या डब्यात लेबल लावून ठेव. पीएचची वही रोज भर आणि पहिल्या आठवड्याचे आकडे इथे टाक, बघून सांगते.