डब्यांना सिलिकॉन नको, टँक निपल लावा

माशांच्या टाकीसाठी घरच्या डब्यांचा फिल्टर करायची एक कृती वाचली: पंप टाकीतलं पाणी सगळ्यात वरच्या डब्यात चढवतो आणि ते गाळत खाली टाकीत परत येतं. त्यातली डब्यांची उतरंड आणि आधी स्पंज, मग सिरॅमिक रिंग (जिवाणूंना राहायला सच्छिद्र कड्या) हा क्रम बरोबर आहे, फक्त ‘पाइपाच्या सांध्याला सिलिकॉन लावा’ हे पटत नाही. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं. स्वयंपाकघरातले डबे मात्र बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे (तळाला त्रिकोणात ५ आकडा बघा), त्यावर ते चिकटतच नाही. सुकलं की नखाने सोलून निघतं. त्याऐवजी नळसामानाच्या दुकानातून अर्ध्या इंची टँक निपल (भोकातून पाइप काढायचा नट-वॉशरवाला जोड) आणा. डब्याचा सपाट भाग बघून भोक पाडा, रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला ठेवा आणि नट हातानेच आवळा. पान्याने पिळलं तर पातळ प्लास्टिक वाकतं आणि तिथूनच ठिबकायला लागतं.

आणि वरच्या डब्याला काठापासून ४ सेंमी खाली पाऊण इंची दुसरं निपल हवंच, त्याचा पाइप सरळ टाकीत सोडायचा. नाहीतर स्पंज तुंबला की पाणी काठावरून फरशीवर जातं, पंप मात्र टाकी उपसतच राहतो, मासे कोरडे पडेपर्यंत. या पाइपातून पाणी यायला लागलं म्हणजे स्पंज धुवायची वेळ झाली. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.