मदत हवी आहे: डाव्या पायात उतरणारी कळ आठ महिने थांबत नाही, मूळ कारण कसं शोधायचं?

पाऊलवाट:
रुग्ण माझी आई, वय ५८. कळ डाव्या कुल्ल्यातून निघून मांडीच्या आणि नडगीच्या बाहेरच्या कडेने पावलाच्या वरच्या भागापर्यंत जाते. अंगठ्यात मुंग्या येतात. कंबर फारशी दुखत नाही. उभं राहिलं किंवा पाच-दहा मिनिटं चाललं की कळ वाढते, बसलं की थोड्या वेळात उतरते. पाठीवर पाय सरळ करून झोपता येत नाही, कुशीवर पाय पोटाशी घेतले की बरं वाटतं. खोकल्याने-शिंकेने फरक पडत नाही. ताप नाही, वजन घटलेलं नाही, मधुमेह नाही.

एमआरआयचा रिपोर्ट (एल४, एल५ हे कंबरेचे सर्वांत खालचे मणके, एस१ त्याखालच्या हाडाचा पहिला भाग, गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती): 'एल४-एल५ ला सौम्य पसरट फुगवटा. एल५-एस१ ला गादीची उंची कमी, नसेवर ठळक दाब नाही.' झोपवून काढलेल्या एक्सरेत वयानुसार बदल. ईएमजी-एनसीव्ही (नसा आणि स्नायूंची विजेची तपासणी) नॉर्मल. पालथं झोपून पाठ मागे वाकवण्याचे व्यायाम दिले होते, त्याने त्रास वाढला. एका डॉक्टरांच्या मते हे गादीचं दुखणं आहे, दुसऱ्यांच्या मते कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूचं. आता कोणती तपासणी करावी आणि कोणत्या क्रमाने?

रानवारा:
एल४-एल५ चा फुगवटा तूर्त बाजूला ठेवा. पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली आला होता. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या गादीला फुगवटा होता. म्हणजे आईंच्या वयात तो दिसणं हे कारण सापडल्याची खूण नाही. दुखण्याचा नकाशा, हाताने केलेली तपासणी आणि चित्र, तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवतील तेव्हाच कारण धरायचं.

नकाशा तुम्ही छान दिला आहे. एल४ ची नस दुखली तर कळ मांडीच्या पुढून गुडघ्यावर आणि नडगीच्या आतल्या बाजूला येते. एस१ ची कळ पोटरीच्या मागून टाच, पावलाची बाहेरची कड आणि करंगळीकडे जाते. नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग आणि अंगठा हा एल५ चा मार्ग. आईंची नस बहुधा तीच.

आता दुखणं कशाने वाढतं ते बघू. गादी फुटून नसेवर आली असेल तर सहसा बसल्यावर, पुढे वाकल्यावर आणि खोकल्यावर कळ जाते. आईंचं बरोबर उलटं आहे: उभं राहणं, चालणं आणि मागे वाकणं त्रासाचं, बसणं आरामाचं. हे जागा अरुंद झाल्याचं लक्षण. कणा मागे वाकला की नसेची वाट चिंचोळी होते, पुढे वाकला की रुंदावते. ते व्यायाम का सोसले नाहीत, याचंही हेच उत्तर दिसतं. ते बंद ठेवा.

एल५ ची नस दोन ठिकाणी अडकू शकते. पहिली जागा एल४-एल५ च्या पातळीवर, कण्याच्या नळीच्या कडेच्या खोबणीत. दुसरी त्याखाली, एल५ आणि एस१ मधल्या ज्या छिद्रातून ती बाहेर पडते तिथे. ही दुसरी जागा रिपोर्टात वारंवार निसटते. गादीची उंची कमी झाली की छिद्राची उंचीही कमी होते, आणि आईंच्या रिपोर्टात 'उंची कमी' असं लिहिलेलंच आहे. गादीच्या पातळीवरच्या आडव्या कापांत हे नीट कळत नाही. सीडी घेऊन रेडिऑलॉजिस्टना भेटा आणि टी१ (चरबी पांढरी दाखवणाऱ्या चित्रांच्या) उभ्या कापांतली दोन्ही कडांची चित्रं शेजारी लावून बघायला सांगा. निरोगी छिद्रात नसेभोवती पांढऱ्या चरबीचं कडं दिसतं. डावीकडे ते कडं पुसलेलं आणि उजवीकडे शाबूत असेल तर मोठा धागा हाती लागला.

आणखी एक अडचण अशी की एमआरआय झोपवून, गुडघ्याखाली उशी देऊन काढतात. म्हणजे आईंना ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीतलं ते चित्र. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, एल४ चा मणका एल५ वर थोडा पुढे सरकतो आणि आडवं झालं की बऱ्याचदा जागेवर जातो. म्हणून उभं राहून बाजूने तीन एक्सरे हवेत: सरळ, पुढे वाकून, मागे वाकून. वाकण्याच्या दोन चित्रांत मणक्याच्या जागेत ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिथे अस्थिरता धरतात. एमआरआयच्या टी२ (पाणी पांढरं दाखवणाऱ्या) चित्रांत मणक्यांच्या मागच्या सांध्यांत पाण्याची पांढरी रेघ ठळक असेल तर तीही याच संशयाला बळ देते.

कंदील:
ईएमजी नॉर्मल आहे म्हणून नस ठीक आहे असं समजू नका. ही तपासणी मुख्यतः स्नायूंकडे जाणारे तंतू तुटले आहेत का ते पकडते. फक्त संवेदनेचे तंतू चिडलेले असतील, किंवा चालल्यावरच दाब येऊन बसल्यावर सुटत असेल, तर ती नॉर्मल येऊ शकते. दुखणं सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत केली तरी फसवते, पण आईंच्या बाबतीत तो प्रश्न नसावा.

एक पर्याय मात्र तपासून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याला वळसा घालून पेरोनियल नस जाते. ती तिथे दबली तरी नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बराच वेळ बसणाऱ्यांत हे होतं. फरक ओळखायला फिजिओथेरपिस्टकडून या हालचाली विरोध देऊन तपासून घ्या:

१. अंगठा वर उचलणे. एल५ आणि पेरोनियल, दोन्हींत कमजोर होऊ शकतो.
२. पाऊल आतल्या बाजूला वळवणे. पेरोनियलमध्ये ताकद शाबूत राहते, एल५ मध्ये कमी होते. पाऊल खाली झुकलेलं ठेवून तपासायचं, नाहीतर दुसरा स्नायू मदतीला येतो आणि निष्कर्ष चुकतो.
३. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणे. ही ताकद कमी असेल तर दोष गुडघ्याजवळ नाही, वर आहे.

हे सगळं आधी कळ येईपर्यंत चालवून लगेच करायचं. जागा अरुंद झालेल्या रुग्णांची विश्रांतीनंतरची तपासणी बऱ्याचदा पूर्ण नॉर्मल असते.

शेवंती:
चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर थांबतं, तेव्हा रक्तवाहिन्यांचाही विचार हवाच. रक्त कमी पडत असेल तर नुसतं उभं राहूनही दोन-चार मिनिटांत आराम पडतो. नस दबत असेल तर बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. सायकल चालवताना कंबर वाकलेली असते, त्यामुळे नसेचा रुग्ण ती बरीच चालवतो, रक्तवाहिनीच्या रुग्णाला तिथेही पोटरी दुखते. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी तपासा. शंका राहिली तर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर रक्तवाहिनी अरुंद असण्याची शक्यता मोठी.

खुब्याचा सांधाही बघा: गुडघा आणि खुबा काटकोनात ठेवून पाऊल बाहेर नेताना जांघेत दुखलं किंवा हालचाल अडली तर खुब्याचा एक्सरे काढा.

पिरिफॉर्मिसबद्दल म्हणाल तर त्या दुखण्यात बसणंच नकोसं होतं, कुल्ल्याच्या मध्यावर दाबलं की कळ पायात जाते. बसून बरं वाटणाऱ्या रुग्णाला हे निदान मला पटत नाही.

आणि हे लक्षात असू द्या: लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरता, दोन्ही पायांत एकदम कळ, पाऊल लुळं पडणं, यांतलं काहीही झालं तर तपासण्यांची यादी सोडून त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. तिथे तासांचा हिशेब असतो.

पाऊलवाट:
सगळ्यांचे आभार. तपासणी करून घेतली. दोन्ही नाड्या चांगल्या लागतात, खुबा मोकळा आहे. चालवल्यानंतर अंगठा वर उचलण्याची आणि पाऊल आत वळवण्याची ताकद डावीकडे किंचित कमी, पाय बाजूला उचलतानाही थरथर. उभं राहून मागे आणि डावीकडे कललं की अंगठ्यापर्यंत तीच कळ आली. उभ्या एक्सरेत मणका सरकलेला नाही. एमआरआय पुन्हा वाचून रेडिऑलॉजिस्ट म्हणाले की डावीकडच्या एल५-एस१ छिद्रात चरबी जवळजवळ दिसत नाही. आता नर्व्ह रूट ब्लॉक (नसेच्या मुळाशी बधिर करणारं इंजेक्शन) सुचवला आहे. त्याने नक्की काय कळेल?

रानवारा:
सगळं एका रेषेत येत चाललंय. पुढची पायरी योग्य आहे, पण ब्लॉकचा उपयोग तपासणी म्हणून होणार असेल तर काही गोष्टी आधी ठरवून घ्या.

सुई एक्सरे किंवा सीटीच्या मार्गदर्शनाखाली एल५ च्या नसेपाशी जाते. बधिर करणारं औषध थोडंच, साधारण अर्धा ते एक मिलिलिटर, द्यायचं. जास्त दिलं तर ते शेजारच्या नसांपर्यंत पसरतं आणि आराम कशामुळे पडला ते कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. त्या सकाळी वेदनाशामक घ्यायचं की नाही तेही विचारा. ते पोटात असलं तर निकाल धूसर होतो.

सुईच्या आधी आईंना कळ येईपर्यंत चालवा आणि ० ते १० मध्ये आकडा लिहा. नंतर पाय थोडा बधिर किंवा सैल वाटू शकतो, म्हणून हात धरूनच उठवा. मग दर अर्ध्या तासाला पुन्हा उभं करा, चालवा, आकडा लिहा. नेमकं इथेच चुकतं: रुग्ण घरी जाऊन झोपून राहतो आणि संध्याकाळी 'बरं वाटलं' म्हणतो. आईंना झोपून तसंही बरंच वाटतं. औषधाचा अंमल काही तासांचाच असतो, त्या वेळातले आकडे महत्त्वाचे. स्टेरॉइडही दिलं असेल तर त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, तो वेगळा लिहा.

कंदील:
यात एक भर घालतो. ब्लॉकने नस कोणती ते कळतं, ती कुठे दबते ते कळेलच असं नाही. दाब वर एल४-एल५ ला असला तरी खाली बधिर केल्यावर आराम पडू शकतो. जागा ठरवायला चित्रच लागेल, म्हणून फेरवाचनातला छिद्राचा उल्लेख पुरवणी रिपोर्टात लेखी घ्या. तो नसेल तर पुढचे सर्जन पुन्हा पहिल्या रिपोर्टातल्या फुगवट्यापासून सुरुवात करतील.

कळ निम्म्याहूनही कमी झाली नाही तर एल५ चा तर्क सैल पडतो. मग त्रिकास्थीच्या (कणा आणि ओटीपोटाचं हाड जोडणाऱ्या) सांध्याची तपासणी आणि ओटीपोटाचा एमआरआय, या क्रमाने जा. कंबरेच्या एमआरआयमध्ये नसेचा ओटीपोटातला आणि कुल्ल्यातला भाग येतच नाही, तो अजून कोणी पाहिलेला नाही.