जुन्या गाडीला पूर्ण लोअर आर्म की फक्त बुश?

लांबपल्ला:
पुढच्या चाकांकडून खडखड आली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, पूर्ण लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बदला. मला हे पटत नाही. आर्म वाकलेला नसेल, गंजाने पोखरलेला नसेल आणि बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) घट्ट असेल, तर फक्त बुश (आर्म सांगाड्याला जोडतो तिथली रबरी नळकांडी) बदलावेत, तेही मूळ दर्जाच्या रबराचे. स्वस्त आर्म वरून चकचकीत दिसतात, पण त्यांचं रबर लवकर चिरतं आणि बॉल जॉइंटचं बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटून आत पाणी-माती जाते. धडधाकट मूळ आर्म भंगारात का घालायचा?

पाना१३:
असहमत. बुशचं बाहेरचं कवच वर्षानुवर्षं गंजून आर्ममध्ये अडकलेलं असतं. प्रेस (दाबून काढायचं यंत्र) नसेल तर लोक ते ठोकून काढतात. पत्र्याचा आर्म असेल तर बुशची जागा वेडीवाकडी होते आणि नवा बुश सैल बसतो. शिवाय अनेक बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांची दिशा ठरलेली असते. चुकीच्या दिशेने बसवला तर बुश मऊ हवा तिथे कडक आणि कडक हवा तिथे मऊ होतो. आणि बॉल जॉइंट आज घट्ट आहे, पण त्याचंही वय बुशएवढंच आहे ना? तो निसटला तर चाक आडवं होतं. तिथे काटकसर नको.

लांबपल्ला:
बॉल जॉइंट आर्मला बोल्टने जोडलेला असेल तर तो वेगळा बदलता येतो की. त्यासाठी अख्खा आर्म कशाला?

घट्टबोल्ट:
तुम्ही दोघं रबरातच अडकलात. पॉलियुरेथेनचे (पीयू, रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारखा पदार्थ) बुश घाला. तेल-ग्रीसने फुगत नाहीत, स्टिअरिंगला नेमकेपणा येतो, आणि बरेचसे दोन तुकड्यांत येत असल्याने हातानेही बसतात.

चढउतार:
रोजच्या गाडीला पीयू घालू नये, असं माझं ठाम मत आहे. रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवलेला असतो. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळतं आणि परत येतं, काहीही घासत नाही. पीयू मात्र नळीवर फिरतो. ग्रीस सुकलं की कुरकुर सुरू. आर्मला दोन दिशांनी हलावं लागतं तिथे कडक पीयू अडतो आणि तो ताण ब्रॅकेटवर जातो. रस्त्याचा थरथराट केबिनमध्ये येतो तो वेगळाच.

घट्टबोल्ट:
सिलिकॉन ग्रीस नीट भरलं तर कुरकुर टळते. पण मागच्या ट्रेलिंग आर्मला (मागच्या चाकाला धरणारा लांबीच्या दिशेचा दांडा) मीही पीयू घालणार नाही, तेवढं मान्य.

पाना१३:
कोणताही रबरी बुश घ्या, पण बोल्ट कधी आवळता हे जास्त महत्त्वाचं आहे. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबकळतात. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर आतली नळी तिथेच जखडते, आणि गाडी खाली आली की रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं. नवाकोरा बुश मग लवकर फाटतो आणि दोष मात्र कंपनीला लागतो. बोल्ट आधी हलके लावा, चाकांवर गाडीचं वजन येऊ द्या, मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा. गॅरेजच्या तपासणी-खड्ड्यावर किंवा रॅम्पवर हे सहज जमतं. आर्म पूर्ण नवा असला तरी हेच.

लांबपल्ला:
यावर वादच नाही. म्हणूनच मला वाटतं, आधी बसवणारा हात चांगला शोधावा, माल नंतर.

नवाचालक:
माझ्या गाडीचा डावा बुशच फाटलाय. टॉमीने (लोखंडी दांड्याने) उचकटलं की आर्म हलतो. उजव्या बाजूला रबरावर बारीक भेगा आहेत, पण हालचाल नाही. एकच बाजू बदलू का?

चढउतार:
वरवरच्या भेगा म्हणजे फाटलेलं रबर नव्हे, पण दोन्ही बाजू बदला. एकीकडे नवं घट्ट रबर, दुसरीकडे थकलेलं, की ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते.

पाना१३:
आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) थोडा जरी बिघडला तरी टायर कडेने खाल्ला जातो.