मदत हवी आहे : वडिलांना ऐकता येतील अशा जुन्या रहस्यकथा

माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. आता त्यांना कडेचं दिसतं, पण मधोमध सगळं धूसर. वाचन बंद झालं, आणि ते त्यांना फार लागलंय.

बाबुराव अर्नाळकर हे त्यांचं दैवत. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, असं अजूनही सांगतात. झुंजार आणि विजया, धनंजय आणि छोटू, काळा पहाड ही अर्नाळकरांची पात्रं म्हणजे बाबांच्या घरातलीच माणसं. रोज रात्री जेवणं झाली की मी त्यांना पंधरा-वीस पानं वाचून दाखवते. पानं इतकी पिवळी पडलीत की उलटताना कोपरा हातात येतो. एखादी ओळ गाळली तर लगेच म्हणतात, "थांब, मधलं राहिलं."

पण पुढच्या महिन्यापासून माझी रात्रपाळी आहे.

तर अर्नाळकर, गुरुनाथ नाईक किंवा सुहास शिरवळकर यांच्या कथा ध्वनिरूपात कुठे मिळतील? एकच आवाज, संथ वाचन आणि मागे संगीत नको, त्यात त्यांना शब्द ऐकू येत नाहीत. फोन त्यांना जमत नाही, म्हणून मोठ्या बटणांचं, पेनड्राइव्हवर चालणारं एखादं यंत्र कुणी वापरलं असेल तर तेही सांगा. बंद करून पुन्हा लावलं की थांबलं होतं तिथूनच सुरू व्हायला हवं.