६ वर्षांच्या मुलाच्या पित्तनळीत खडा अडकलाय, दुर्बिणीने काढतात का?

प्रश्न – एक आई, चंद्रपूर
मुलगा ६ वर्षांचा, वजन १६ किलो, सिकलसेल एसएस (लाल पेशी विळ्यासारख्या होऊन लवकर फुटतात तो आजार). आठ दिवसांपासून पोटात उजवीकडे वर दुखतंय. डोळे तर त्याचे अधूनमधून पिवळे होतातच म्हणून आधी लक्ष दिलं नाही, पण या वेळी लघवी काळ्या चहासारखी आणि शी पांढरट मातीसारखी झाली तेव्हा घाबरले. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे, शिवाय एक नळीत अडकलाय, नळी फुगलीय. डॉक्टर म्हणाले नागपूरला नेऊन ईआरसीपी करा, म्हणजे घशातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढायचा. एवढ्याशा पोराच्या घशातून ती दुर्बीण जाते का हो? त्यापेक्षा सरळ ऑपरेशनच केलं तर?

एक बाबा, अमरावती
जाते ताई. आमच्या मुलीचं ७ वर्षांची असताना झालं, तिलाही सिकलसेलच. साधारण १० किलोच्या वर मोठ्यांचीच दुर्बीण चालते असं आम्हाला सांगितलं, तान्ह्यांसाठी बारीक वेगळी असते. पूर्ण भूल देतात, पोटावर टाका नाही, नळीचं तोंड आतून जरा कापतात आणि फुग्याने नाहीतर बास्केटने (तारेच्या बारीक जाळीने) खडा आतड्यात ओढतात, मग तो शीवाटे जातो. आमचा पहिल्यांदा निघालाच नाही म्हणून स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) टाकून परत बोलावलं. स्टेंट टाकला तर काढायची तारीख लिहून ठेवा, राहिला तर तुंबतो.

भूल देणारी डॉक्टर, पुणे
दुर्बिणीइतकंच लक्ष सिकलसेलकडे हवं. उपाशी ठेवलं की सलाईन लगेच सुरू करायला सांगा, पोर गारठता कामा नये, नाहीतर तिथेच क्रायसिस (सिकलसेलचा तीव्र दुखण्याचा झटका) येतो. आधी रक्त द्यायचं का हे रक्ताच्या डॉक्टरांना विचारा. नंतर पोट जास्त दुखलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच सांगा, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, बहुतेकांची सलाईनवर उतरते. आणि नळीतला खडा निघाला तरी पित्ताशयातले आहेतच, लाल पेशी फुटत राहतात तसे नवे बनतात, म्हणून पुढे पित्ताशय लॅप्रोस्कोपीने (पोटाला छोटी छिद्रं पाडून) काढावं लागतं. ते ऑपरेशन टळत नाही, पण आधी नळी मोकळी होऊ दे. ताप आहे का त्याला? काविळीत थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

एक आई, चंद्रपूर
संध्याकाळपासून १०१ आहे मॅडम, थंडीही वाजतेय, मला वाटलं साधाच असेल. ह्यांनी गाडी बोलावलीय, निघतोय आम्ही.