शिकारखाना ते संवर्धन केंद्र : पाटी बदलली, पिंजऱ्याचे काय?

वाटसरू (धागाकर्ता)

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा प्राण्यांचा संग्रह होता, त्याला शिकारखाना म्हणत. धन्याची हौस आणि पाहुण्यांपुढे मिरवणे यापलीकडे त्याने कसलाही दावा केला नाही. व्हिएन्नात १७५२ साली सम्राटाने शोनब्रुन राजवाड्याच्या आवारात उभारलेला संग्रहही त्याच जातीचा. पुढे १८२८ साली लंडनमध्ये शास्त्रीय अभ्यासाच्या नावाने प्राणिसंग्रहालय सुरू झाले, जिथे सर्वसामान्यांना १८४७ पर्यंत प्रवेशच नव्हता. मग करमणूक आली, लोकशिक्षण आले, आणि आता ‘संवर्धन’ आले आहे. माझा आक्षेप असा की, दर वेळी उद्देश बदलल्याचे जाहीर झाले, पण प्राणी होता तिथेच राहिला.

गेल्या वर्षी एका प्राणिसंग्रहालयात मी अर्धा तास अस्वलासमोर उभा होतो. ते भिंतीलगत आठ पावले जाई, मानेला हिसका देऊन वळे आणि तीच आठ पावले परत येई. तेवढ्या पट्ट्यात गवताची काडी उरली नव्हती.

भायखळेकर

‘होता तिथेच राहिला’ हे अरबी ऑरिक्सला लागू पडत नाही. हे पांढरे, लांब शिंगांचे हरीण शिकारीमुळे संपत आल्याचे दिसताच १९६३ साली अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात त्याचा कळप जमवण्यास सुरुवात झाली. रानातील शेवटचे ऑरिक्स १९७२ मध्ये ओमानात मारले गेले, आणि १९८२ साली त्याच ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडले गेले ते प्रामुख्याने या बंदिस्त कळपाच्या वंशातले. पिंजरा नसता तर सोडायला एकही उरले नसते. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतर या आता नामशेष झालेल्या पक्ष्याच्या बाबतीत हे शहाणपण उशिरा सुचले. त्यांतले शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात एकटेच मेले.

वाटसरू

ऑरिक्सची गोष्ट आपण अर्ध्यावर सोडलीत. १९९६ च्या सुमारास ओमानच्या त्या अभयारण्यात त्यांची संख्या चारशेच्या घरात गेली होती. २००७ पर्यंत ती पासष्टवर आली, सरकारने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटवले आणि युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. यादीतून असे बाहेर पडलेले ते पहिलेच स्थळ. आणि शिकारी बहुतेक ऑरिक्स जिवंत पकडत होते ते कशासाठी, तर खाजगी संग्रहांना विकण्यासाठी! म्हणजे एका संग्रहाने वाचवलेला प्राणी दुसऱ्या संग्रहांच्या हौसेने पुन्हा धोक्यात आणला.

भायखळेकर

तो दोष राखणाऱ्यांचा, प्रजननाचा नव्हे. ऑरिक्स आज इतर अरब देशांतही मोकळे फिरतात, आणि २०११ मध्ये त्यांची धोक्याची श्रेणी सौम्य केली गेली. प्रश्न पैशांचाही आहे. राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले तेव्हा मीही नाके मुरडली होती, कारण पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना भायखळ्यात वातानुकूलित काचघरात ठेवण्यात कसले संवर्धन, हे मला आजही समजलेले नाही. पण रांग त्यांच्यासाठीच लागते, आणि कोणाला आवडो न आवडो, तिकीटखिडकी गर्दीवरच चालते.

एक निवृत्त पशुवैद्य

दोघांच्याही बोलण्यात पिंजऱ्यातला प्राणी कुठून आला, हा प्रश्न राहून गेला. वाटसरू यांनी पाहिलेले अस्वल कदाचित मदाऱ्याच्या नाकदोरीतून सुटलेले असेल. तसल्या अस्वलाचे दात पाडलेले असतात आणि ते रानात चार दिवसही तगणार नाही. त्याला पोकळ ओंडक्यात मध भरून दिला, की तासभर तरी येरझारा थांबतात. पण त्यासाठी रोज ओंडका भरणारा माणूस लागतो, आणि नेमकी तीच जागा रिकामी असते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवण्याचे निर्देश दिले, तेव्हा मला प्रथमच वाटले की, उद्देश खरोखर बदलू शकतो, कारण काय ठेवायचे नाही याचा निर्णय या व्यवस्थेने स्वतःहून घेतला होता.

वाटसरू, आपण जुन्नरजवळच्या माणिकडोहला एकदा चौकशी करून पाहा. उसाच्या फडांतून आणि विहिरींतून आणलेले, परत सोडता न येणारे बिबटे तिथे वर्षानुवर्षे सांभाळले जातात. पिंजरे तिथेही आहेतच. प्रेक्षकांची रांग मात्र नाही.

वाटसरू

मग त्या बिबट्यांच्या मटणाचे पैसे कोण देतो, हे भायखळेकरांनी विचारण्याआधी मीच विचारतो.